जित्तं पाणी

आमच्या सासरी पाणी नुसतं पीत नसत, आधी त्याची परीक्षा घेत. परीक्षक एकच, माझे सासरे. सकाळी अंघोळ-पूजा उरकून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते सोप्यावरच्या तक्क्याला टेकले की सासूबाई तांब्या-पेला आणून पुढं ठेवत. ते पेला नाकाशी नेत, एक घोट तोंडात घेत, या गालातून त्या गालात फिरवत, डोळे मिटत, आणि मग निकाल लागे. निकाल कधी मराठीत, कधी कानडीत. कानडीत लागला की त्यावर अपील नाही. नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलांचं दुकान होतं. शेजारचे दुकानदारही कधीमधी कुठलंकुठलं पाणी घेऊन येत. "आप्पा, हिप्परग्याकडच्या पावण्यांनी दिलंय. बघा की जरा." आप्पा घोट फिरवत, डोळे मिटत आणि गंभीरपणे सांगत, "हे हिप्परग्याकडचं. जरा जड हाय." सगळे माना डोलवत. लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटलं होतं की या माणसाच्या जिभेत काहीतरी आहे. वर्षभरात कळलं की बोलण्यापलीकडं त्या जिभेला काही येत नाही.

मी नातेपुत्याची. आमच्याकडे कालव्याचं पाणी. माझ्या थोरल्या भावाला लहानपणी विषमज्वर झाला होता, तेव्हापासून आई पिण्याचं पाणी उकळायची, आणि आम्ही ते मुकाट्यानं प्यायचो. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी चुलीवर पिण्याच्या पाण्याचं पातेलं चढवलं, तर सासऱ्यांनी सोप्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाटाच्या पान्यावर वाढलेली हाय. हिला पान्यातलं काय कळतंय?" आमचे हे, म्हणजे माझे यजमान, हसले. वडील जे बोलतील त्यावर हसायचं, एवढंच त्यांनी आयुष्यात मन लावून शिकून घेतलं होतं. मी पातेलं उतरवलं.

त्या घरात पाणी म्हणजे एकच, अक्कलकोट रस्त्याला आमचा मळा होता तिथल्या विहिरीचं. नळाला भीमेचं पाणी यायचं, त्याला पावडरीचा वास असायचा, म्हणून ते धुण्याला, भांड्यांना आणि फारच अडलं तर सुनांना. रोज उजाडायच्या आत मळ्यातला गडी सायकलला एका बाजूला दुधाची किटली आणि दुसऱ्या बाजूला तांब्याची घागर बांधून यायचा. घागरीच्या तोंडाला फडकं. ते फडकं धुतलेलं मी कधी पाहिलं नाही. मग ते पाणी दुसऱ्या फडक्यानं गाळायचं, त्यात तुरटी फिरवायची, चांदीचा रुपया टाकायचा, आणि वर झाकण ठेवून झाकणाला हात लावून नमस्कार करायचा. एवढं केल्यावर त्या पाण्याला काही होण्याची हिंमतच नव्हती.

पहिल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे मळ्यात जेवायला गेलो तेव्हा ती विहीर मी पाहिली. पायऱ्यांची, रुंद तोंडाची. एका पायरीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. दुसरीकडं पोरं पाय सोडून बसली होती. काठावर म्हशी धुतल्या जात होत्या आणि ते पाणी दगडांच्या फटींतून परत विहिरीतच झिरपत होतं. बाजूला मेंढरं बसवलेली. पाण्यावर हिरवा पदर. मी बघतच राहिले, तर गडी कौतुकानं म्हणाला, "वयनी, लई गोड पानी हाय. दुष्काळातबी आटलं न्हाय." ते मात्र खरं होतं. दुष्काळात गावोगावच्या विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हाही हिच्या तळाशी शेवाळाचं डबकं टिकून होतं. तेच तिचं मोठेपण. आणि ती सासऱ्यांच्या आज्यानं खणलेली. घराण्याच्या विहिरीत घाण असू शकते हे आमच्या घराण्याला मान्यच नव्हतं.

मुलगी झाली. अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत होती, सगळे तिला आप्पांच्या वळणावर गेली म्हणायचे. वरचं खायला-प्यायला लागली आणि तिला जुलाब सुरू झाले. चार दिवस बरं, की पुन्हा. अंगावरची कातडी सैल पडली, मान धरवेना, रडायचाही कंटाळा आल्यासारखी पडून राहायला लागली. पेठेतल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पाणी कुठलं पाजता?" सासऱ्यांनी ऐटीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून उकळून. खळाखळा उकळी येऊ द्या, मग झाकून गार करा. दुसरं काही देऊ नका." बाहेर पडल्यावर सासरे म्हणाले, "डॉक्टर म्हनं! ह्याच्या घरी नळाचं पीत्यात."

पण आता माझ्या हातात डॉक्टरांचा हुकूम होता. मी भुश्याच्या शेगडीवर वेगळं पातेलं चढवलं, वेगळं फडकं केलं, वेगळी कळशी केली. पाणी उकळून, गार करून कळशीत भरायचं, आणि मुलीला त्यातलंच. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्या कळशीतला घोट तोंडात घेतला, फिरवला आणि मोरीत थुंकून कानडीत निकाल दिला, "नीराग जीव इल्ल." या पाण्यात जीव नाही. उकळलं की पाणी मरतं, हा त्यांचा सिद्धांत. मेलेलं पाणी पोटात गेलं की माणूसही हळूहळू मरतो. हे सगळं ते कपातला चहा बशीत ओतता ओतता सांगत. त्यांचा चहा काळाकुट्ट होईस्तोवर उकळलेला लागायचा, जरा कमी उकळला तर कप परत यायचा. चहातलं पाणी कसं मरत नव्हतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही, तेव्हा तोंड उघडायची प्राज्ञा नव्हती.

उकळलेलं पाणी पिऊनही मुलीचे जुलाब थांबेनात, तेव्हा मात्र मी हादरले. आता सगळ्यांच्या जिभा सुटल्या. माझा हात वाईट. माझ्या दुधात दोष. नजर लागली. सासरे तर मोठ्या शांतपणे म्हणाले, "आमच्या घराण्यात पैलं पोर टिकतच न्हाय." माझ्या यजमानांच्या आधी सासूबाईंची दोन मुलं गेली होती, दोन्ही पहिला पावसाळा बघायच्या आत. ती सटवाईनं नेली, असं घरात ठरलेलं होतं. सासरे ते असं सांगायचे, जणू घराण्याची आणखी एक जुनी मिळकत. सासूबाई त्या वेळी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या सहसा कशावरच काही बोलत नसत.

डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. त्यांनी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बाई, हिच्यात आता काही शिल्लक नाही. यातून मी उठवतो. पण पुन्हा असा झटका आला तर सिव्हिलला न्यावं लागेल, आणि तिथंही मी वचन देत नाही." मग त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "खरंच उकळता ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यजमानांनाही तेव्हा बापाचं काळीज फुटलं असावं, कारण त्यांनी फिल्टर आणला. पांढरा, चिनी मातीचा, आत खडूसारख्या दोन कॅन्डल. मला वाटलं, चला, काहीतरी झालं. तो स्वयंपाकघरात आलाच नाही. सोप्यावर स्टुलावर बसला, त्याच्यावर क्रोशाचं झाकण आलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची वस्तू झाली. पाणी त्यात विहिरीचंच. पण ते थेंब थेंब यायचं, पाहुणे पेला धरून ताटकळत बसायचे, घराण्याची अब्रू जायची. तेव्हा यजमानांनी डोकं चालवलं. दोन्ही कॅन्डल काढून फडताळात ठेवून दिल्या आणि विजयी मुद्रेनं तोटी सोडून दाखवली, "बघ, आता कसं धो धो येतंय!" खंडेनवमीला दुकानातल्या वजनकाट्याबरोबर आणि कापड मोजायच्या गजाबरोबर फिल्टरचीही पूजा झाली. त्यालाही विभूतीचे पट्टे ओढले, झेंडूचं फूल वाहिलं. दोघांचं ते हात जोडणं बघून मला हसू नाही आलं, किळस आली. आत माझी पोर पाण्यावाचून वाळत होती, आणि हे बापलेक पोकळ बरणीला नैवेद्य दाखवत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. मी अंघोळीला गेले होते, टॉवेल विसरला म्हणून परत आले. सासूबाई माझ्या कळशीपाशी वाकलेल्या. हातात तांब्या. विहिरीच्या घागरीतलं पाणी त्या माझ्या उकळलेल्या पाण्यात ओतत होत्या, अगदी जपून, एक थेंब बाहेर सांडू न देता.

"आत्याबाई, हे काय?"

"जीव घालायलेय," त्या म्हणाल्या. त्यात लपवण्यासारखं त्यांना काहीच वाटत नव्हतं. "उकळून मेलेलं असतंय पानी. त्यांनी सांगितलंय, रोज तांब्याभर जित्तं घालत जा. दुधाला इरजन लावत्यात तसं."

"कधीपासून?"

"तू उकळायला लागलीस तवापासनं."

विरजणच लावत होत्या त्या. दुधाचं दही व्हावं तसं माझ्या कळशीभर पाण्याचं रोज सकाळी पुन्हा विहिरीचं पाणी होत होतं, आणि मी ते माझ्या हातानं, चमच्याचमच्यानं पोरीच्या तोंडात घालत होते.

त्या दिवशी मी डोक्यावरचा पदर सावरून पहिल्यांदा सोप्यावर गेले आणि सासऱ्यांना सांगितलं, की हे थांबवा, नाहीतर पोर हाताला लागणार नाही. ते चहा पीत होते. माझ्याकडं न बघता मुलाला म्हणाले, "बायकोला सांग. मेलेल्या पान्यानं पोरगी सुकायलीय. त्यात मी जीव घालायलोय म्हनून तर तगून हाय." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. यजमानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मला अजून ते पान उलटल्याचा आवाज आठवतो आणि अजून तितकाच राग येतो. लग्न करताना मुलाचं शिक्षण बघतात, रंग बघतात, दुकान बघतात. कणा बघायची पद्धत आमच्यात नव्हती.

भांडून काही होणार नाही हे त्या दिवशी नक्की कळलं. ज्या माणसाला स्वतःच्या जिभेवर एवढा विश्वास आहे, त्याच्या जिभेलाच कामाला लावायचं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून गड्यानं घागर मागच्या दारी ठेवली की ती मी उचलायची. विहिरीचं सगळं जित्तं पाणी मोगऱ्याच्या आळ्यात. घागर चिंचेनं आणि राखेनं घासायची, आतून कढत पाण्यानं विसळायची. मग आदल्या संध्याकाळी उकळून गार केलेलं पाणी तिच्यात भरायचं, आणि ते पाणी कुठलं? नळाचं. धुण्याभांड्याचं, सुनांचं. वर तेच फडकं बांधायचं, आता मात्र धुतलेलं. घागर आपल्या जागी, तांब्या आपल्या जागी. सासूबाई येऊन त्यातलं तांब्याभर माझ्या कळशीत ओतायच्या. घाला म्हटलं, हवा तेवढा जीव घाला.

पहिल्या सकाळी मी दाराआड उभी राहिले. सासऱ्यांनी पेला नाकाशी नेला. घोट घेतला. या गालातून त्या गालात. डोळे मिटले. त्यांनी डोळे उघडले आणि समोर बसलेल्या शेजारच्या दुकानदाराला म्हणाले, "ह्याला म्हनायचं पानी. ह्यात जीव हाय बघ!" आणि उरलेला पेला गटागटा प्यायले. पेठेतला एवढा मोठा पारखी! ज्या नळाच्या पाण्याला ते आयुष्यभर नावं ठेवत आले, तेच त्यांनी मिटक्या मारत संपवलं. तेव्हापासून त्यांच्याविषयी उरलीसुरली भीतीही माझ्या मनातून गेली. सून म्हणून मी वाकून नमस्कार करायची, पण ते वाकणं फक्त पाठीचं होतं.

मुलीचे जुलाब थांबले. आधी मला खरं वाटेना. रोज सकाळी लंगोट बघायचा आणि सुस्कारा टाकायचा. मग तिनं मान धरली, मग हट्ट करायला लागली, मग एक दिवस तिनं माझ्या हातातली भाकरी ओढून घेतली. मी चुलीपुढं बसून रडले.

एकदा मात्र घात झाला. आदल्या दिवशी घरात पाहुण्यांची गडबड होती, पाणी उकळायचं राहून गेलं होतं, आणि पहाटे उकळलेलं पाणी पुरतं निवायच्या आत मला घागरीत भरावं लागलं. सासूबाई आल्या. तांब्या आत बुडवला आणि हात तसाच आत राहिला. सायकलवरून वाऱ्यात आलेलं विहिरीचं पाणी, तेही थंडीच्या दिवसांत, असं कधी लागत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी हात बाहेर काढला, बोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग झोळीत झोपलेल्या पोरीकडं बराच वेळ बघितलं. सोप्यावरून सासऱ्यांचं खाकरणं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता ही बाई उठून जाईल आणि सगळं संपेल.

"कोमट हाय," त्या हळूच म्हणाल्या. "सांजच्यालाच उकळून ठिवत जा."

आणि त्याच घागरीतलं पाणी गार पाण्याच्या ताटात तांब्या ठेवून, वारा घालून निववून त्या सासऱ्यांपुढं घेऊन गेल्या. त्याबद्दल आम्ही दोघी पुन्हा काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून माझ्या कळशीत तांब्या ओतणं त्यांनी बंद केलं, आणि संध्याकाळी मी शेगडीपाशी यायच्या आत ती पेटलेली असायची.

पुढं उन्हाळ्यात अक्कलकोटकडचे काही पाहुणे आले होते. सोपा भरलेला. मुलगी आता दुडूदुडू चालत होती, तिनं जाऊन पाहुण्याचं धोतर ओढलं. पाहुणा म्हणाला, "हीच न्हवं आजारी हुती ती? काय बाळसं धरलंय!" झालं. सासऱ्यांना तेवढंच पुरे होतं. "डाक्टरनं हात टेकले हुते," ते सांगू लागले. "हिची आई उकळून उकळून मेलेलं पानी पाजायली हुती. मी म्हनलं, आमच्या विहिरीचं जित्तं पानी घाला. आमच्या विहिरीनं वाचिवली पोरगी. घ्या, तुमीबी बघा." पेले फिरले. पाहुण्यांनी एकेक घोट घेतला, आणि आमचा पाहुणचार घेणारा माणूस दुसरं काय बोलणार, सगळे म्हणाले, "व्हय की, जीव हाय पान्यात." यजमान मान डोलवत होते. मी दाराआड उभी होते आणि मला वाटत होतं, ही माणसं मरेपर्यंत अशीच राहणार, यांना हसणंसुद्धा फुकट आहे.

"चहा टाका गं," सासऱ्यांनी आत आवाज दिला.

सासूबाई माझ्या शेजारून पुढं झाल्या आणि सोप्याच्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. पुरुषमाणसं बसलेली असताना त्या तिथं कधी गेल्या नव्हत्या.

"चहा उकळून देऊ, का जित्ताच देऊ?" त्यांनी विचारलं.

पाहुणे हसले. यजमानही हसले. सासरे म्हणाले, "येडी झालीस का काय?"

"न्हाय, इचारलं. उकळल्यावर पानी मरतंय म्हनता, म्हनून." त्यांचा आवाज चढला नव्हता. मीठ आहे का विचारावं तसा होता. "माझ्या दोघांना जित्तंच पाजलं हुतं की. तुमीच तर सांगितलं हुतं."

सासऱ्यांनी मुलाकडं बघितलं. मुलानं जमिनीकडं बघितलं. एका पाहुण्यानं हातातला पेला हळूच खाली ठेवला. मग दुसऱ्यानं ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले, आवाज होणार नाही असे. त्या पेल्यांत विहिरीचा एक थेंब नव्हता, हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि ते त्यांना सांगावं एवढी त्या बैठकीची लायकी नव्हती.

मी जाऊन पेले गोळा केले. आत आल्यावर सासूबाईंनी त्यातला एक जास्तीचा, कुणी न शिवलेला पेला उचलला, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तो सगळा पिऊन टाकला. पदरानं आधी डोळे पुसले, मग तोंड.

"आज नीट गार झालंय," त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.